५ रुपयांचा पुडा घाट कसा चढतो

विलेपार्ल्याच्या स्टेशनाबाहेर ५ रुपयांना मिळणारा बिस्किटाचा पुडा सातशेहून जास्त किलोमीटर लांब, मेळघाटात सिपना नदीच्या काठी असलेल्या सेमाडोहला कितीला मिळतो? ५ रुपयांनाच.

आपल्याला याचं काही वाटत नाही. वाटायला हवं. तो पुडा कारखान्यातून निघाला, कंपनीच्या गोदामात उतरला, तिथून अमरावतीच्या किंवा परतवाड्याच्या एजन्सीत आला. मग छोट्या हत्तीत, नाहीतर एसटीच्या टपावर बसून घटांगचा रस्ता चढला. सागाच्या जंगलातली वळणं घेत तो अखेर चिखलदरा तालुक्यातल्या या कोरकू मुलखातल्या दुकानात फळीवर येऊन बसला. वाटेत डिझेल जळलं, हमाली झाली, चार जणांनी आपापला वाटा काढून घेतला. तरी अंगावरची किंमत तीच. समुद्रकाठचं मीठ जंगलात पोचेपर्यंत महाग होत जायचं, हा हजारो वर्षांचा रिवाज होता. या पुड्याने तो मोडला.

कसा, त्याचं उत्तर कागदावर आहे. १९९० सालापासून आपल्याकडे बंद पाकिटातल्या मालावर सगळ्या करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं आहे. युरोप-अमेरिकेत दुकानातल्या मालाची किंमत दुकानदार ठरवतो. आपल्याकडे ती कारखान्यात छापून येते, आणि तिच्यावर एक पैसाही घेणं गुन्हा ठरतं. अंतर कितीही असो, गिऱ्हाईक कुठलंही असो. म्हणजे नरिमन पॉइंटचा साहेब आणि सेमाडोहची मजूर बाई या एका बाबतीत कायद्याने समान आहेत. खरं पाहता वाहतुकीचा सरासरी खर्च सगळ्या देशावर सारखा पसरलेला असतो. शहरातला माणूस दर पुड्यामागे पैशाचा कुठलासा अंश जास्त देतो आणि त्या अंशावर पुडा घाट चढतो.

त्यातही गंमत अशी की ५ रुपये हा आकडाच पवित्र आहे. खिशात नाणं ५ चं असतं, म्हणून किंमत ५ ची असते. साखर महागली, गहू महागला, तरी किंमत हलत नाही. पुड्याच्या आतलं वजन हलतं. पुडा दरवर्षी थोडा अंग चोरतो. शांपूच्या पुडीचं तर आणखी वेगळं. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शांपू पुडीत भरायची कल्पना काढली, आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शांपू आणून ती गावोगाव पोचवली. आज मेळघाटातल्या कुठल्याही दुकानात वरून लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा त्यांचीच वंशावळ सांगतात. बाटलीपेक्षा पुडीतला शांपू मिलिलिटरमागे बहुधा स्वस्तच पडतो. थोडं थोडं घेणाऱ्या गरिबाला जास्त मोजावं लागतं हा जगभरचा नियम, आणि आपल्याकडे एका रुपयाच्या पुडीने त्याला चकवलं.

मग प्रश्न येतो तो दुकानदाराचा. छापील किंमत वरून बांधलेली आहे, ती त्याला ओलांडता येत नाही. खालून मात्र कुणालाही मोकळं रान आहे. ज्याला परवडतं त्याने छापील किमतीच्या कितीही खाली विकावं. सगळी गोष्ट इथून सुरू होते, कारण अमरावतीत आणि अकोल्यात डी-मार्ट आहे.

डी-मार्ट स्वस्त कसं विकतं याबद्दल लोकांच्या मनात नाना शंका असतात. माल हलका असतो, तारीख जवळ आलेली असते, वगैरे. त्यांत फारसं तथ्य नाही. राधाकिशन दमानी यांनी पहिलं दुकान २००२ साली पवईला काढलं. मार्च २०२५ अखेर देशभरात ४१५ दुकानं झाली. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या किंवा दीर्घ मुदतीच्या कराराच्या, त्यामुळे भाड्याची टांगती तलवार नाही. माल मोजका, पटापट खपणारा. नफा थोडा: १०० रुपयांच्या विक्रीत सगळे खर्च आणि कर वजा जाता हातात पाचेक रुपयेच उरतात. पण खरी किल्ली वेगळीच आहे. बाजारात पुरवठादाराचे पैसे महिना-दीड महिना अडकून पडणं नेहमीचं असताना डी-मार्ट ते आठवड्या-दहा दिवसांत चुकतं करतं, आणि रोखीच्या बदल्यात भाव पाडून घेतं. म्हणजे त्या झगझगीत दुकानातल्या स्वस्ताईचं एक मोठं कारण एवढंच की ते उधारी ठेवत नाही.

आणि सेमाडोहचं दुकान जिवंत आहे ते उधारी ठेवतं म्हणून.

या दोन वाक्यांमधलं अंतर मला गेली काही वर्षं चक्रावून टाकतं. एकाच व्यापाराची ही दोन टोकं, दोन्ही उसनवारीवर उभी, फक्त उलट्या दिशांनी. शहरातल्या दुकानाला रोखीतून बळ मिळतं. जंगलातल्या दुकानाला बळ मिळतं ते वहीतून. ‘आज रोख उद्या उधार’ अशी पाटी भिंतीवर असते खरी, पण ती नव्या माणसासाठी. गावातल्या माणसाला ती लागू नसते, हे पाटी लावणारा जाणतो आणि वाचणाराही.

वही का लागते? कारण मेळघाटात पैसा दर महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं, मग तेंदूपत्ता, चारोळी, डिंक. पावसाळ्यात शेती, तीही बरीचशी आभाळाच्या भरवशावर. पीक निघालं की कित्येक कुटुंबं खाली सपाटीवर मजुरीला जातात. रोजगार हमीचं काम या भागात मोठं आहे, पण मजुरी हातात यायला कधी आठवडे लागतात. पोटाला मात्र हंगाम नसतो. तेल, मीठ, मिरची, चहा-साखर रोज लागते. हंगामी मिळकत आणि रोजची भूक यांच्यात जो खड्डा पडतो तो बँक भरत नाही, कारण ५० रुपयांच्या तेलासाठी कुठली बँक कर्ज देणार? तो खड्डा किराणा दुकानदार भरतो. तारण म्हणून त्याच्याकडे एकच गोष्ट असते: हा माणूस कोणाचा, त्याचा बाप बाकी कधी फेडायचा, आणि यंदा होळीला तो घरी येणार की नाही, याची माहिती. कोरकूंची होळी म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा सण. माणूस कामासाठी कुठेही गेलेला असो, होळीला परततो, आणि त्याच्याबरोबर मजुरीही येते. होळीच्या आधीच्या बाजाराची गर्दी पाहिली की कळतं, या मुलखाचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत नाही.

आता हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, कुठल्या एका दुकानाचे नाहीत. समजा दुकानाची महिन्याची विक्री ६० हजार. त्यांतले ३० हजार शिक्षक, वनरक्षक, आश्रमशाळेतले कर्मचारी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर यांच्याकडून येतात. पगारी माणसं, महिन्याची यादी एकदम, पैसे रोख किंवा फोनवरून. उरलेले ३० हजार वहीत. दुकानदार काय करतो? रोखीच्या ३० हजारांनी परतवाड्याच्या ठोक बाजारातून पुढचा माल भरतो. त्यातला निम्मा पुन्हा वहीत जातो. थोडक्यात, मास्तरांच्या रोखीवर मजुराची उधारी चालते. मास्तरांना हे माहीत नसतं, मजुराला नसतं, आणि दुकानदारानेही ते असं शब्दांत मांडलेलं नसतं. पण वही तसंच सांगते.

मग मास्तर एक दिवस मोटारसायकल घेतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कामासाठी परतवाड्याला, अमरावतीला जाणं होतंच. येताना डी-मार्टातून महिन्याचा किराणा आणतात. दीड-दोन हजारांच्या बिलात चांगली बचत होते. वर मुलांना सरकता जिना पाहायला मिळतो. यात त्यांचं काही चुकतं असं मला अजिबात वाटत नाही. पैसे वाचत असताना गावावरच्या मायेपोटी जादा मोजा असं कुणी कुणाला सांगू नये.

सेमाडोहात मात्र त्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं. दुकानाचं गिऱ्हाईक निम्म्याने घटलं एवढंच नव्हे, रोखीचं गिऱ्हाईक गेलं. दुकानात आता वही उरली. दुकानदाराला आता तीन वाटा. पहिली, उधारी बंद करायची. म्हणजे गावातल्या अर्ध्या चुली अडतात आणि जुनी बाकीही बुडते. दुसरी, ठोकवाल्याकडून स्वतः उधारीवर माल घ्यायचा, आणि त्याचं व्याज अंगावर घ्यायचं. तिसरी, भाव वाढवायचा. पण पाकिटाचा भाव छापलेला! बिस्किट, साबण, शांपू यांना हात लावता येत नाही. मग भाव कशाचा वाढतो? सुट्या मालाचा. डाळ, गूळ, मिरची, कांदे, यांच्यावर काहीच छापलेलं नसतं.

हा पेच मला विलक्षण वाटतो. कायद्याने शांपूची पुडी सांभाळली आणि डाळ मोकळी सोडली. शंभर किलोमीटर लांब अमरावतीत पाकिटावर जी सूट मिळते, तिची किंमत सेमाडोहात पावशेर डाळ घेणाऱ्या बाईकडून वसूल होऊ शकते. तिने ते दुकान आयुष्यात पाहिलेलं नसेल.

अशी दूरची बाधा होते हे अमेरिकेत बऱ्याच आधी मोजलं गेलं. वॉलमार्टचं पहिलं दुकान १९६२ मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या रॉजर्स या लहान गावात उघडलं, आणि पुढची पंचवीस वर्षं ही कंपनी मोठी शहरं टाळून लहान गावांतच पसरली. आयोवा राज्य विद्यापीठातले केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकापासून आयोवातल्या गावांच्या विक्रीचे आकडे वर्षानुवर्षं तपासले. सगळ्यांची अपेक्षा होती की ज्या गावात वॉलमार्ट आलं तिथली दुकानं मरतील. काही मेलीही. पण त्या गावाची एकूण विक्री वाढली, कारण आजूबाजूचे लोक तिथे येऊ लागले. मोठा फटका बसला तो आसपासच्या लहान गावांना. जिथे वॉलमार्ट आलंच नव्हतं तिथली विक्री आटली.

आमच्याकडे कुठे आलंय डी-मार्ट, असं म्हणणाऱ्या गावाने आयोवाकडे पाहावं.

तसं ते सेमाडोहला येणारही नाही, आणि याचंही गणित सुंदर आहे. वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतली गावं नकाशावर मांडून पाहिली. त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक दुकानाला दोन अंतरं असतात. एक, दुकान टिकायला लागणारी किमान गिऱ्हाईकं जेवढ्या घेऱ्यात मिळतात ते. दुसरं, त्या वस्तूसाठी गिऱ्हाईक जास्तीत जास्त जेवढं चालेल ते. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा मोठं असेल तर दुकान टिकतं, नाहीतर नाही. मिठासाठी माणूस लांब जात नाही, पण मीठ विकायला शंभर घरंही पुरतात. सोन्यासाठी माणूस अमरावतीच्या सराफ्यात जातो. मेळघाटचे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके मिळून २०११ च्या जनगणनेत माणसं भरली सुमारे ३ लाख, तीही डोंगरदऱ्यांत विखुरलेली. मोठ्या दुकानाचा किमान घेरा इथे इतका फुगतो की त्याच्या कडेचं गिऱ्हाईक दिवसभरात येऊन परत जाऊ शकत नाही.

मग अशा विरळ मुलखात चपलांचं, कापडाचं, भांड्यांचं दुकान कसं टिकावं? शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी नाव नसलेल्या हुशार माणसांनी तोडगा काढला: गिऱ्हाईक येत नसेल तर दुकानच हिंडवायचं. तोच आठवडी बाजार. आज एका गावाला, उद्या दुसऱ्या, परवा तिसऱ्या. एका गावाची गिऱ्हाईकं पुरत नसतील तर सहा-सात गावांची जोडून घ्यायची, आणि गावाने सहा दिवस थांबायचं. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालं पडतात आणि त्या दिवसापुरतं गावात पन्नास विभागांचं दुकान उभं राहतं. संध्याकाळी गाडीत भरून ते पुढच्या गावाला निघून जातं. क्रिस्टालरला जे समीकरण १९३३ मध्ये दिसलं ते मेळघाटात चालणारा चप्पलवाला पिढ्यान्‌पिढ्या पायांनी सोडवत आला आहे.

अंतर मात्र फक्त किलोमीटरचं नसतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. त्याच्या आदल्या वर्षी पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला होता. निर्णय चांगलाच. पण नकाशाच्या हिशेबात पाहा: तिकीट निम्मं झालं म्हणजे परतवाडा बाईच्या पाकिटाला निम्म्याने जवळ आला. रस्ता सुधारला, मोबाइल लागू लागला, फोनवरून पैसे देता येऊ लागले, की गावाचं दुकान इंचभरही न हलता शहराच्या जवळ सरकतं. याच रस्त्यावरचं पुढचं हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांचा तो उपक्रम होता. इंटरनेटबरोबर डॉक्टरचा सल्ला येतो आणि बाहेरची दुकानंही येतात. दारातून एकालाच आत घेता येत नाही.

इथवर मी किराणा दुकानदाराची बाजू जरा कळवळून मांडली. पण त्याला देवही करू नये. मध्य भारतातल्या जंगलांमध्ये व्यापारी काय करत आले ते सर्वश्रुत आहे. मिठाच्या बदल्यात चारोळी घेणं, मोह हंगामात मातीमोल भावाने उचलणं आणि पावसाळ्यात चढ्या भावाने परत विकणं, मापात मारणं, वहीत एकाचे दोन करणं. ती वही अडाणी माणसाच्या गळ्यातला दोरही असू शकते, कारण ती एकाच माणसाला वाचता येते. १९७२ साली महाराष्ट्राने आदिवासी विकास महामंडळ काढलं, पुढे एकाधिकार खरेदी योजना आणि खावटी कर्ज आणलं, ते याच लुटीवर उपाय म्हणून. गावाला जर एकच दुकान असेल तर तेही एक मक्तेदारच. मोठ्या साखळीची मक्तेदारी वाईट आणि लहान दुकानाची गोड, असं समजायचं कारण नाही. परतवाड्याला जाणारी बस आहे म्हणून सेमाडोहचा दुकानदार भाव सांभाळून असतो, हेही खरं.

आणि साखळी दुकान म्हणाल तर ते सेमाडोहसारख्या गावांत केव्हाच पोचलं आहे. देशात त्याच्या ५ लाखांहून जास्त शाखा आहेत आणि डी-मार्टच्या ४१५ त्याच्यापुढे काहीच नाहीत. ते म्हणजे रेशनचं दुकान. अंत्योदय योजना २००० सालची, अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. अंत्योदय कार्डावर महिन्याला घरटी ३५ किलो धान्य, प्राधान्य गटात माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. जगातल्या कुठल्याही बलाढ्य कंपनीला शून्य रुपये हा भाव देता आलेला नाही! मेळघाटासारख्या भागात या साखळीने किराणा दुकानातून धान्याचं पोतं जवळपास काढूनच टाकलं. किराणा दुकान मोडलं नाही. रेशन जे देत नाही ते त्याने धरलं: तेल, तिखट, चहा, साबण, बिस्किटं, फोनचं रिचार्ज. मोठ्याच्या सावलीत लहान दुकान कसं जगतं याचा हा घरचाच धडा आहे. पण एक फरक विसरू नये. रेशनने गरिबाचं धान्य स्वस्त करून त्याची थोडी रोख मोकळी केली, ती बरीचशी किराणा दुकानातच आली. डी-मार्ट मास्तरांची रोख गावाबाहेर नेतं.

याचा एकूण फायदा कुणाला होतो, हे मेक्सिकोत फार बारकाईने पाहिलं गेलंय. परदेशी सुपरमार्केटं तिथे पसरल्यावर काय झालं, याचा अ‍ॅटकिन, फाबर आणि गोन्झालेझ-नव्हारो या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी कुटुंबाचं राहणीमान सहा टक्क्यांच्या आसपास सुधारलं, ते मुख्यतः कमी भावांमुळे. ही काही लहान गोष्ट नाही. पण जुन्या पद्धतीच्या दुकानांत काम करणाऱ्यांचं उत्पन्न घटलं, काही दुकानं बंद पडली. आणि श्रीमंत घरांना गरिबांपेक्षा जवळपास दीडपट लाभ झाला, कारण अशा दुकानांत ती जास्त जातात. स्वस्ताई सगळ्यांसाठी असते खरी, पण तिथवर पोचायला गाडी लागते, एकदम दोन हजार रुपये लागतात, आणि घरी महिन्याचा माल ठेवायला उंदरांपासून सुरक्षित जागाही लागते.

आपल्याकडे हा वाद रस्त्यावर आला तो सप्टेंबर २०१२ मध्ये. केंद्राने किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली आणि २० सप्टेंबरला भारत बंद झाला. अट अशी की शहर १० लाखांहून मोठं हवं. २०११ ला अमरावतीची वस्ती होती साडेसहा लाखांच्या आत. म्हणजे अमरावती सुटली. पण गंमत पाहा: ठोक व्यापाराला परदेशी कंपन्यांना मुभा होतीच, आणि वॉलमार्टने ‘बेस्ट प्राइस’ नावाचं ठोक दुकान आपल्या अमरावतीत काढलं! दार फक्त सभासद दुकानदारांना, हॉटेलवाल्यांना, संस्थांना उघडं. घरच्या गिऱ्हाईकाला आत प्रवेश नाही. जगभर किराणा दुकानांचा कर्दनकाळ म्हणून ओळखली जाणारी कंपनी वऱ्हाडात आली ती किराणा दुकानदारांना माल पुरवणारी म्हणून. २०२० मध्ये हा सगळा ठोक धंदा फ्लिपकार्टकडे गेला, आणि फ्लिपकार्ट वॉलमार्टचंच.

यात दुकानदाराचा फायदा होता की तोटा? फायदा उघड: एका छताखाली माल, छापील बिल, दिसणारा भाव. तोटा जुन्या एजन्सीवाल्याचा. तो उधारीवर माल द्यायचा, सेल्समन दुकानापर्यंत यायचा, खराब पुडा बदलून मिळायचा. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी हिंदुस्तान युनिलिव्हर आणि कोलगेट यांचा काही माल उचलणं थांबवलं होतं. तक्रार अशी की कंपन्या बड्या ऑनलाइन ठोकवाल्यांना जास्त सवलत देतात, मग दुकानदार आम्हालाच चोर समजतो. चर्चेनंतर बहिष्कार मागे घेतला गेला, पण मुद्दा राहिलाच. एकच साबण, एकच कारखाना, आणि घेणाऱ्याच्या ताकदीप्रमाणे भाव वेगळा. सेमाडोहच्या दुकानदाराला जो साबण परतवाड्याच्या ठोक दुकानात मिळतो, तोच कधी कधी डी-मार्टात गिऱ्हाईकाला त्याहून स्वस्त मिळतो. काही चिल्लर दुकानदार स्वतःच डी-मार्टातून माल भरतात, ते यामुळे. हे ऐकून हसू येतं, पण गणित चोख आहे.

घाऊक भावाची ही दरी एकट्याने ओलांडता येत नाही, हे नेदरलँड्समधल्या आद्रियान फान वेल याला १९३२ मध्ये उमगलं. त्याने स्वतंत्र किराणा दुकानदार एकत्र बांधले: दुकान ज्याचं त्याचं, खरेदी सगळ्यांची मिळून. त्यातून ‘स्पार’ उभं राहिलं आणि आज ते चाळीसहून जास्त देशांत आहे. आपल्याकडची चाल वेगळी होती, आपण गिऱ्हाईकांना बांधलं. १९४८ मध्ये मुंबईत नायगावला गिरणी कामगारांनी अपना बाजार काढला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची घरं मिळून महिन्याची यादी भरू लागली. हे सगळं मुंबईतलं, जिथे शंभर पावलांवर शंभर घरं आहेत. डोंगरातल्या दुकानदारांची एकत्र खरेदी, म्हणजे परतवाड्याला दहा जणांनी दहा फेऱ्या मारण्याऐवजी एक गाडी करणं आणि एकत्र भाव पाडून घेणं, ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक आहे. तरी माझ्या मते लहान दुकान टिकवायचं असेल तर भाषणांपेक्षा ती गाडी जास्त कामाची. बचत गटांच्या बाया हे करू शकतात. वही दोघांना वाचता येईल अशी ठेवणंही त्यांना जमतं.

तोवर निदान एक काम वाचणाऱ्याच्या हातात आहे. हिवाळ्यात अमरावती, नागपूर, अकोल्याहून जे पर्यटक सेमाडोहला येतात त्यांच्या डिक्कीत पाण्याच्या बाटल्यांपासून चिवड्यापर्यंत सगळं शहरातून भरून आणलेलं असतं. पुढच्या खेपेला बिस्किटं, चहापत्ती, साखर, साबण तिथेच घ्या. एवढ्याने दुकान श्रीमंत होणार नाही. पण छापील किंमत तुम्हाला तिथेही तेवढीच पडेल, आणि तुमचे पैसे रोख असतील. त्या दुकानात आज चणचण आहे ती रोखीचीच.